मंडळाच्या देखाव्यात ग्रह आठ टांगायचे का नऊ?

तिकटीवरचा_बंड्या
मंडळी, प्रश्न जरा येडछाप आहे पण हसू नका. यंदा आमच्या तालमीनं गणपतीला सूर्यमालेचा देखावा करायचं ठरवलंय. दरवर्षी ऐतिहासिक असतो, यंदा पोरं म्हणाली सायन्सचं काहीतरी करूया. काल मीटिंग होती, वर्गणीचा विषय पाच मिनिटात उरकला आणि गाडी जी अडकली ती ग्रह किती यावर. जुनी माणसं म्हणतात आम्ही नऊ शिकलोय, नऊच टांगा. कॉलेजची पोरं म्हणतात आठ, प्लुटोला केव्हाच काढलाय. त्यात आमचे अध्यक्ष उठून म्हणाले नवग्रह म्हटल्यावर राहू-केतू पण पायजेत. चहा दोनदा झाला, निर्णय शून्य.

तर जाणकारांनी सांगा, प्लुटो टांगायचा का नाही? आणि नाही टांगला तर ते सेरेस, धूमकेतू, अशनी असलं जे बारकंसारकं आहे त्याचं काय करायचं? सगळ्यात मोठा गोळा चार फुटाचा करायचा विचार आहे. बजेट कमी आहे, 'एलईडी वॉल लावा' असले सल्ले नकोत.

शाहूपुरीकर
जागा पकडली. भडंगाची पुडी फोडून बसलोय.

निशाचर
आठ. विषय संपला.

आबा_कागलकर
कसा काय संपला? १९३० ला सापडला, २००६ पर्यंत ग्रह होता, आमची अख्खी पिढी नऊ म्हणत म्हातारी झाली. आणि मग प्रागला खगोलशास्त्रज्ञांच्या जागतिक संमेलनात चारशे-सव्वाचारशे लोकांनी हात वर करून त्याला काढला. संमेलनाला अडीच हजाराच्या आसपास शास्त्रज्ञ आले होते म्हणे, मतदानाच्या दिवशी बाकीचे गेले कुठं? आमच्या कारखान्याच्या वार्षिक सभेला यापेक्षा जास्त माणसं असतात आणि 'मंजूर मंजूर' पण यापेक्षा मोठ्यानं होतं.

शाहूपुरीकर
आबा =)) तिथं निदान जेवण तरी असतं.

गारगोटीचे_मास्तर
आबा, मतदान कमी झालं हे खरं, पण प्रश्न कुठून आला ते बघा की. नेपच्यूनच्या पलीकडं बर्फाळ पिंडांचा एक मोठा पट्टा आहे, कायपर पट्टा. १९९२ पासून तिथं एकेक पिंड सापडायला लागले. २००५ मध्ये माइक ब्राऊन आणि त्याच्या साथीदारांनी एरिस शोधला. तो तेव्हा प्लुटोपेक्षा मोठा वाटत होता. नंतर नीट मोजल्यावर व्यास थोडा कमी भरला, २३२६ किमी, प्लुटोचा २३७७. पण वस्तुमान मात्र प्लुटोपेक्षा पाव भागानं जास्तच आहे. म्हणजे प्लुटो ग्रह असेल तर एरिसला दहावा म्हणायला पाहिजे, मग हौमिया, माकेमाके रांगेत उभेच आहेत. शेवट कुठं करणार?

म्हणून तीन अटी घातल्या. सूर्याभोवती फिरला पाहिजे, स्वतःच्या वजनानं गोल झाला पाहिजे आणि आपल्या कक्षेच्या पट्ट्यात त्याचंच राज्य पाहिजे. प्लुटो पहिल्या दोन्हीत पास, तिसरीत नापास. त्याच्या वाटेत त्याच्यासारखे ढीगभर आहेत आणि खुद्द नेपच्यूनची कक्षा तो ओलांडतो. (धडकत नाही. नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेवढ्यात याच्या बरोब्बर दोन, त्यामुळं ते एकमेकांच्या जवळ कधी येतच नाहीत.)

आणि हे पहिल्यांदा झालेलं नाही. १ जानेवारी १८०१ ला पियात्सीनं पालेर्मोहून सेरेस शोधला तेव्हा त्यालाही ग्रहच म्हणत होते. मागोमाग पॅलस, जुनो, व्हेस्टा सापडले, तेही ग्रह. पन्नासेक वर्षांत असल्यांची रांग इतकी वाढली की सगळ्यांना उचलून लघुग्रहांत टाकलं. तेव्हा सेरेससाठी कुणी रडलं नव्हतं.

रंकाळावेडी
मास्तर, सेरेसवर हृदय नव्हतं ना! माझ्या लेकीनं प्लुटोचा तो अंगावर बदामाच्या आकाराचा डाग असलेला फोटो कपाटाला चिकटवलाय. तिला सगळ्यात वाईट कशाचं वाटतं सांगू का, न्यू होरायझन्स यान जानेवारी २००६ ला निघालं तेव्हा प्लुटो ग्रह होता, ऑगस्टमध्ये काढला, आणि यान पोचलं जुलै २०१५ ला. नऊ-साडेनऊ वर्षं प्रवास करून जायचं आणि दारात कळायचं की यजमानाची खुर्ची गेली.

त्या यानात क्लाइड टॉम्बॉची, म्हणजे ज्यानं प्लुटो शोधला त्याची, थोडी रक्षा ठेवलेली होती. हे वाचलं तेव्हा मला तर भरूनच आलं. बंड्यादादा, नऊ टांगा.

निशाचर
ताई, भावनेवर ग्रह मोजायला लागलो तर शंभर होतील.

रंकाळावेडी
होऊ देत की. तुमच्या खिशातनं जातंय काय?

जोशीबुवा
अध्यक्षांच्या मुद्द्याबद्दल. नवग्रह आणि हे नऊ ग्रह यांचा काही संबंध नाही हो. नवग्रहांत सूर्य आणि चंद्र धरतात, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, आणि राहू-केतू. त्यात पृथ्वी नाही, युरेनस-नेपच्यून नाहीत, प्लुटोचा तर प्रश्नच नाही. राहू-केतू टांगायचे म्हणाल तर टांगणार काय? ते पिंडच नाहीत. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीला पाचेक अंश कललेली आहे, ती जिथं त्या पातळीला छेदते ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. त्यांच्या आसपास अमावास्या-पौर्णिमा आली की ग्रहण. मी पंचांग बघणारा माणूस आहे, तरी सांगतो, सूर्यमालेच्या देखाव्यात ते नकोत.

पंचगंगेचा_पैलवान
बुवांनी स्वतः राहू-केतू काढले म्हणजे विषय हार्ड!!

तिकटीवरचा_बंड्या
बुवा, हा प्रतिसाद प्रिंट काढून अध्यक्षांना दाखवतो. साइजचं पण कुणीतरी बोला.

मेस्त्री_बापट_कॅम्प
बंड्या भावा, मापात करायचं म्हणत असशील तर आधी हिशोब ऐक. गुरू चार फुटाचा धरला तर पृथ्वी येते सव्वाचार इंचाची. प्लुटो पाऊण इंच, सेरेस त्याच्याही निम्म्याहून कमी. शनीचा गोळा साधारण तीन फूट चार इंच, पण त्याची कडी धरली तर साडेसात फूट आडवी जागा गेली. आणि सूर्य एकोणचाळीस फुटाचा. तुमचा मांडव केवढा आहे? थर्मोकोल बंद आहे, कागदाच्या लगद्याचा चार फुटी गोळा करायचा तर आत बांबूच्या कामट्यांचा सांगाडा घ्या आणि पावसात वाळायला पंधरा दिवस धरा, आतनं ओला राहिला की बुरशी येते आणि रंग फुगतो. मागं एका मंडळाचा हत्ती असाच गेलेला, सोंड आरतीच्या टायमाला खाली.

शाहूपुरीकर
सोंड =)) =))

बंगळूरवरनं_राजा
साइजचं जमेल, अंतराचं काय करणार? सगळे देखावे आणि सगळी पुस्तकं इथंच फसवतात, ग्रह असे शेजारी शेजारी मांडलेले. मी एकदा ऑफिसात कंटाळा आला म्हणून कोल्हापूरच्या नकाशावर मांडून बघितलं. बिंदू चौकात एक मीटरचा सूर्य ठेवा. पृथ्वी नऊ मिलिमीटरची, १०७ मीटरवर, चंद्र तिच्यापासून वीतभर लांब. गुरू दहा सेंटिमीटरचा, तो ५६० मीटरवर म्हणजे अंबाबाईच्या देवळाच्या आसपास. शनी किलोमीटरभर. युरेनस दोन किलोमीटर, म्हणजे रंकाळ्याच्या पाण्यात. नेपच्यून सव्वातीन किलोमीटर, शिवाजी विद्यापीठापाशी. आणि प्लुटो मोहरीएवढा, सरासरी सव्वाचार किलोमीटरवर, विद्यापीठाच्याही पुढं. एवढ्या सगळ्या गावात हे आठ-नऊ दाणे, बाकी सगळं मोकळं.

व्हॉयेजर-१ माहीत असेल, १९७७ ला सोडलेलं, माणसानं बनवलेली सगळ्यात लांब गेलेली वस्तू. ते या नकाशावर आत्ता कुठं अठरा किलोमीटरवर पोचलंय, सरळ रेषेत पन्हाळा. आणि सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, जवळजवळ २९,००० किलोमीटरवर. पृथ्वीवर दोन ठिकाणांमधलं अंतर वीस हजाराच्या वर जाऊच शकत नाही, म्हणजे जवळचा शेजारीसुद्धा नकाशाच्या बाहेर!

आबा_कागलकर
राजा, एक नंबर. पन्नास वर्षं झाली आली आणि अजून पन्हाळाच.

पंचगंगेचा_पैलवान
पन्हाळ्यावर थांबलं असंल, झुणका-भाकर खायला.

गारगोटीचे_मास्तर
राजा यांचा हिशोब बरोबर आहे. पोरांना लघुग्रहांच्या पट्ट्याबद्दलही हेच सांगावं लागतं. पिक्चरमध्ये यान दगड चुकवत चुकवत जातं, तसं काही नसतं. मंगळ-गुरूमधल्या सगळ्या लघुग्रहांचं वस्तुमान एकत्र केलं तरी आपल्या चंद्राच्या तीन-चार टक्के, त्यातला तिसरा हिस्सा एकट्या सेरेसचा. यानं तिथनं आरामात जातात. त्यामुळं बंड्या, पट्टा म्हणून खडीचा ढीग टांगू नका.

गडहिंग्लजचा_पाटील
अवांतर होतंय पण विचारतो. आमच्या रानात वडिलांना नांगरताना एक दगड सापडलेला, काळा-तांबूस, लई जड. सगळे म्हणतात आकाशातनं पडलेला आहे. देव्हाऱ्याशेजारी ठेवलाय. खरंच अशनी असेल का? एकजण चाळीस हजार द्यायला तयार आहे.

निशाचर
पाटील, देऊन टाका, लगेच.

दगडधोंडे (भूगर्भशास्त्र, आता रिटायर)
थांबा. पाटील, स्वयंपाकघरातल्या टाइलची मागची, बिनचकचकीत बाजू घ्या आणि त्यावर दगड जोरात घासा. लाल-तपकिरी रेघ उठली तर तो लोहखनिजाचा दगड, आपल्याकडं जांभ्यात असले जड तुकडे पोत्यानं मिळतात. अशनीची सहसा रेघ उठत नाही. दुसरं, लोहचुंबक दोऱ्याला बांधून जवळ न्या, बहुतेक अशनी ओढून घेतात, पण नुसतं चुंबक चिकटलं म्हणून हुरळू नका, आपला काळा कातळ पण थोडा ओढतो. तिसरं, अंगावर बुडबुड्यांची भोकं असतील तर जवळजवळ नक्की अशनी नाही. वातावरणातनं येताना वरचा पापुद्रा वितळतो, तो पातळ काळा थर असतो.

ज्याला खरी अशनीची करामत बघायची आहे त्यानं बुलढाण्यात लोणारला जावं. बसाल्टात पडलेलं १.८ किमी व्यासाचं विवर आहे. वयाबद्दल भांडण आहे, एका पद्धतीनं पन्नासेक हजार वर्षं निघतं, दुसऱ्या पद्धतीनं साडेपाच लाखाच्या वर. मी विद्यार्थी असताना काठावरनं खाली उतरलो होतो, आतल्या बाजूला लाव्ह्याचे थर बाहेरच्या दिशेनं वर उचकटलेले दिसतात, धक्का केवढा असेल त्याची कल्पना येते. चंद्रावरच्या आणि मंगळावरच्या विवरांशी तुलना करायला जगभरातनं लोक येतात तिथं.

रंकाळावेडी
मग असलं परत पडणार नाही कशावरनं? ते अपोफिस येतंय म्हणे २०२९ ला. व्हॉट्सॲपवर रोज एक फॉरवर्ड.

गारगोटीचे_मास्तर
ताई, धडकणार नाही. १३ एप्रिल २०२९ ला जमिनीपासून साधारण ३२,००० किमीवरनं जाणार, आपले टीव्हीचे उपग्रह ३६,००० वर असतात, म्हणजे त्यांच्याही आतनं. साडेतीनशे मीटरच्या आसपासचा दगड आहे. पुढची शंभर वर्षं धोका नाही असं २०२१ मध्येच मोजून सांगितलंय. आपल्या घड्याळानं तो सगळ्यात जवळ येईल तेव्हा १४ तारखेचे पहाटेचे सव्वातीन वाजले असतील.

आणि दगड वळवता येतो का याची परीक्षाही झालीय. सप्टेंबर २०२२ मध्ये डार्ट यान एका लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या डायमॉर्फोस नावाच्या चिमुकल्या चंद्रावर मुद्दाम आपटवलं, त्याची फेरी ११ तास ५५ मिनिटांची होती ती अर्ध्या तासानं कमी झाली.

पंचगंगेचा_पैलवान
१४ एप्रिल पहाटे? म्हणजे बिंदू चौकात जयंतीची गर्दी असणारच. जागरणाची वेगळी तयारी नको.

इलेक्ट्रॉनिकवाला_शिरोली
सगळे सूर्याभोवतीच फिरताय. बंड्या, माझं मत, एक कोपरा सूर्यमालेबाहेरच्या ग्रहांना द्या, पोरांना त्यातच जास्त मजा येईल. १९९५ ला मेयर आणि केलोझ यांनी ५१ पेगासी बी शोधला, सूर्यासारख्या ताऱ्याभोवती सापडलेला पहिला. गुरूच्या जातीचा आणि वर्ष फक्त ४.२ दिवसांचं, इतका चिकटून फिरतो. २०१९ ला नोबेल मिळालं त्यांना. आता सहा हजाराच्या वर झालेत.

दाखवायला सोपं आहे. काळा रंग दिलेल्या खोक्यात एका टोकाला गोल एलईडी बल्ब (तारा), त्याच्यापुढं बारक्या गिअर मोटरवर तारेनं लावलेला मणी (ग्रह), दुसऱ्या टोकाला एलडीआर (उजेडाप्रमाणं रेझिस्टन्स बदलणारा बारका सेन्सर) आणि त्याला मल्टिमीटर. मणी बल्बच्या आडवा आला की उजेड कमी, एलडीआरचा रेझिस्टन्स वाढतो, मीटरवर आकडा उडी मारतो. केप्लर दुर्बिणीनं हजारो ग्रह असेच पकडले, ग्रह न बघता. बाहेरनं कुणी आपल्या सूर्याकडं बघत असेल तर गुरू आडवा आल्यावर उजेड एक टक्का कमी होईल, पृथ्वीनं एका टक्क्याचा शंभरावा भागसुद्धा नाही. मोठा मणी, बारका मणी बदलून दाखवा. मोटर दहा आरपीएमची घ्या, जास्त स्पीडची घेतली तर मीटरचा आकडा स्थिरच होत नाही. आणि खोक्याला झाकण पाहिजे, मांडवातल्या फोकसचा उजेड आत गेला की सगळं बोंबललं.

बंगळूरवरनं_राजा
+१. भारताच्या नावाचा पण एक आहे, तो लिहा फलकावर. एचडी ८६०८१ ताऱ्याला २०१९ मध्ये 'बिभा' नाव दिलं, बिभा चौधुरी या भौतिकशास्त्रज्ञ बाईंवरनं, आणि त्याच्या ग्रहाला 'संतमस'. दोन दिवसांत एक फेरी मारतो तो. आणि अहमदाबादच्या पीआरएलच्या (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी) लोकांनी माउंट अबूच्या दुर्बिणीनं २०१८ मध्ये एक ग्रह पक्का केला, पृथ्वीच्या सत्तावीस पट वजनाचा, वर्ष साडेएकोणीस दिवसांचं.

आबा_कागलकर
मग मला एक सांगा, व्याख्येत 'सूर्याभोवती' लिहिलंय ना? म्हणजे हे सहा हजार कोण? त्या व्याख्येनं तेही ग्रह नाहीत की. आणि ज्यांना तारा पण नाही, नुसते अंधारात भटकताहेत, ते?

निशाचर
आबांनी गुगली टाकली.

गारगोटीचे_मास्तर
आबा, मुद्दा बिनतोड आहे. ती व्याख्या आपल्या सूर्यमालेपुरतीच केलेली आहे, बाहेरच्यांसाठी वेगळा कामचलाऊ नियम आहे. न्यू होरायझन्सचे प्रमुख अ‍ॅलन स्टर्न अजूनही म्हणतात की गोल झाला की ग्रह. त्यांच्या हिशोबानं गेलं तर सेरेस, प्लुटो, एरिसच काय, आपला चंद्रसुद्धा बसतो. माझं मत विचाराल तर आठ ही सोय आहे, पोरांनी पाठ करायला. तिकडं प्लुटोवर नायट्रोजनचं बर्फ वाहतंय, सेरेसच्या ऑकेटर विवरात खारट पाण्यानं ठेवलेले पांढरे डाग आहेत, त्यांना आपल्या यादीशी काही देणंघेणं नाही.

कळंब्याची_आक्का
मी उशिरा आले. एवढं सगळं लिहिलंत, पण नारळीकर सरांचं नाव एकानंही घेतलं नाही? जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८. गेल्या वर्षी मे महिन्यात गेले. गावातल्या देखाव्यात त्यांचा फोटो पाहिजेच.

निशाचर
फोटो लावा जरूर, पण त्यांचं काम विश्वरचनेवर, ग्रहांवर नाही. उगीच जोडायचं म्हणून जोडू नये.

कळंब्याची_आक्का
अरे निशाचरा, २००१ ला हैदराबादहून फुगा सोडून ४१ किलोमीटर उंचीवरच्या हवेत सूक्ष्मजीव शोधायचा प्रयोग त्यांच्याच गटानं केला. धूमकेतूंमधनं जीव पृथ्वीवर येत असतील का, हा प्रश्न होता. सापडलेले जंतू वरनं आलेले का खालनं गेलेले यावर वाद झाला, तो असू दे. धूमकेतू तुमच्या बारक्यासारक्यात बसतात की नाही?

निशाचर
बसतात. फोटो मांडवाच्या दर्शनी भागात लावा.

जोशीबुवा
जाता जाता किरणोत्सवाचा पण एक फलक करा. नोव्हेंबरात ९ ते ११ आणि मग ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं अंबाबाईच्या पायापासून मुखापर्यंत. दोनदाच का? २१ डिसेंबरच्या आधी बेचाळीस दिवस आणि नंतर बेचाळीस दिवस सूर्य मावळतीला क्षितिजावर त्याच जागी येतो म्हणून. पृथ्वीचा आस कललेला आहे हे यापेक्षा सोपं करून कोल्हापूरकराला कुणी समजावून दाखवावं.

तिकटीवरचा_बंड्या
अपडेट. परत मीटिंग झाली, बुवांची प्रिंट चालली, राहू-केतू बाद. मांडवात आठ, ठरलं. सूर्य पूर्ण करायचा नाही, मागच्या पडद्यावर त्याची नुसती कड रंगवायची, मेस्त्रींच्या मापात. आणि प्लुटो, एरिस, सेरेस, व्हेस्टा, बिभाचा तो संतमस, गेल्या वर्षी दुसऱ्या ताऱ्याकडनं आलेला ३आय/अ‍ॅटलस धूमकेतू, सगळे दर्शनाच्या लायनीवर डोक्याच्या उंचीला टांगायचे. लाइन अर्धा-पाऊण तास हलत नाही, तेवढ्यात लोक दुसरं काय करणार, वाचतील. आबांच्या गटाला पटलं कारण प्लुटो पहिला लागतोय.

रंकाळावेडी
आणि बदाम रस्त्याच्या बाजूला फिरवून टांगा म्हणजे दिसेल. लेकीला घेऊन येते.

मेस्त्री_बापट_कॅम्प
बारके गोळे मी फुकट करून देतो, फक्त दोरा नायलॉनचा वापरा, सुती दोरा पावसात ताणतो.

गडहिंग्लजचा_पाटील
टाइलवर घासला. लाल रेघ आली. चाळीस हजारवाला अजून तयार आहे, काय करू?

दगडधोंडे
त्याला पण टाइल द्या.

गारगोटीचे_मास्तर
बंड्या, शनिवारी रात्री माझी सहा इंची दुर्बीण घेऊन येतो. गणपतीच्या दिवसांत शनी साडेआठ-नऊनंतर पूर्वेला चांगला वर आलेला असतो. मार्च २०२५ मध्ये कडी आपल्याला एकदम आडवी होती, अजून जास्त उघडलेली नाहीत, तरी दिसतात, आणि शेजारचा टिपका म्हणजे टायटन. शनीचे चंद्र आता पावणेतीनशेच्या घरात गेलेत पण आपल्याला तो एक दिसला तरी पुष्कळ. फक्त तालमीच्या गच्चीवरचा तो हॅलोजन तासभर बंद ठेवा आणि डॉल्बी दुर्बिणीपासून लांब, बेसवर आरसा थरथरतो.

तिकटीवरचा_बंड्या
हॅलोजनचं बघतो सर. डॉल्बीचं मात्र मीटिंगमध्ये ठेवावं लागेल.